काळ्या माशीसाठी पारोसे

ॲन आर्बर

मिशिगनच्या उत्तरेला मेच्या शेवटी जाऊ नका, असं तिथले लोक पाहुण्यांना सांगतात. आम्ही मुद्दाम त्याच सुमाराला गेलो, कारण ज्या माशीमुळे जाऊ नका म्हणतात तीच माशी हवी होती. हवी होती ती अनघाला. बाकीचे आम्ही तिघे तिच्याबरोबर गेलो एवढंच.

अनघा मूळची नागपूरची. ॲन आर्बरला विद्यापीठात कीटकांवर संशोधन करते आणि श्रीधरकाकांच्या घराच्या तळमजल्यावर राहते. भाडेकरू म्हणून आली होती. आता काकू तिला बाहेर जाताना टोपी घेतलीस का विचारतात. श्रीधरकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ; मी भारतातून त्यांच्याकडे पाहुणा म्हणून आलो होतो. सत्तरच्या दशकात सांगलीहून इथे आले आणि डोळ्यांचे सर्जन म्हणून निवृत्त झाले. सुलभाकाकू त्यांच्या पत्नी. उत्तरेकडे एका नदीच्या काठी दोघांची छोटी लाकडी केबिन आहे. उन्हाळ्यात मुलं-नातवंडं तिथे जमतात. मे-जूनमध्ये तिकडे कुणी फिरकत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी जेवताना अनघाने मला तिचं काम समजावून सांगितलं. आफ्रिकेतल्या अनेक नद्यांकाठी माणसं आंधळी होत. आजार एका बारीक कृमीमुळे होतो आणि तो कृमी एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेते ती काळी माशी. मोठे कृमी कातडीखाली गाठी करून वर्षानुवर्षं राहतात. त्यांची असंख्य पिल्लं कातडीत फिरतात, डोळ्यातही शिरतात आणि तिथे मरतात. मेलेल्या पिल्लांभोवती दाह होतो, बुबुळ हळूहळू पांढरं पडतं. वर्षातून एकदा-दोनदा द्यायची गोळी पिल्लांना मारते, मोठ्या कृमीला नाही. म्हणून ती गावंच्या गावं वर्षानुवर्षं घेतात.

"पुस्तकात एक पान होतं यावर," काका म्हणाले. "परीक्षेसाठी पाठ केलं. पुढे आख्खी प्रॅक्टिस झाली, एक पेशंट पाहिला नाही."

"काका, तुमच्या पेशंट्सच्या नदीवर माशी आहे, कृमी नाही. आफ्रिकेत दोन्ही आहेत," अनघा म्हणाली.

गोळ्या कधी थांबवायच्या, हा आता तिथला प्रश्न आहे. थांबवण्यापूर्वी माशांमध्ये कृमी उरलेला नाही हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी माणसाला चावणाऱ्या हजारो माशा पकडून तपासायच्या. त्या पकडण्याची जुनी रीत साधी आहे. माणूस नदीकाठी खुर्ची टाकून, गुडघ्यापर्यंत पाय उघडे ठेवून बसतो. माशी पायावर उतरली की चावण्याआधी तिच्यावर काचेची नळी टेकवायची आणि झाकण लावायचं. बहुतेक वेळा चावण्याआधी जमतं.

अनघाला या माणसांच्या जागी कापडाचा सापळा बसवायचा होता. घानामध्ये एका खोऱ्यात अकोसुआ नावाची बाई हे काम सांभाळते. अनघा शिकत असताना तिच्याबरोबर एक हंगाम राहिली होती. सापळा इथल्या नदीवर चालला तर अनघा तो तिकडे पाठवणार होती आणि पुढच्या हंगामात अकोसुआची माणसं पाय झाकून घरी बसू शकणार होती. अकोसुआने तसं त्यांना सांगूनही ठेवलं होतं.

"सांगायला नको होतं तिने," अनघा म्हणाली. "पण मीच तिला म्हटलं होतं, होईल म्हणून."

पुलापलीकडे

मिशिगनच्या दोन भागांना जोडणारा मॅकिनॉचा पूल ओलांडला की झाडं बदलतात. बर्च आणि पाइन दाट होतात, वस्ती विरळ होते. पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा एक बाई डोक्यावरून छातीपर्यंत जाळी ओढून गाडीत पेट्रोल भरत होती. तिच्याशी बोलणारा माणूसही जाळीतच होता. दोघं हवापाण्याविषयी बोलत होती. कुणी कुणाकडे वळून पाहत नव्हतं. आपल्याकडे पावसात छत्री असते तशी इथे या दिवसांत जाळी असते.

दुकानात आम्ही पेस्टी घेतल्या. ही इथली जुनी शिदोरी: मैद्याच्या जाड पारीत बटाटा, कांदा आणि मांस भरून मुरड घातलेली. खाणीत काम करणाऱ्यांनी ती इकडे आणली. दिसायला थेट करंजी, पण एकीत पोट भरतं. शाकाहारी पेस्टीत मांसाऐवजी सलगमसारखा एक कंद होता. काकूंनी पर्समधून लसणीच्या चटणीची डबी काढली.

"नुसतं कसं खातात रे हे लोक?" त्या म्हणाल्या. "इतकी मुरड घालतात, आत मीठसुद्धा नाही."

"पन्नास वर्षं विचारतेस," काका म्हणाले. "एकदा त्या दुकानदाराला विचार."

काउंटरवरच्या माणसाने माझ्या गडद निळ्या शर्टाकडे पाहिलं आणि फिकट रंगाचा आहे का विचारलं. मी नाही म्हणालो. "गुड लक," तो म्हणाला.

संध्याकाळी केबिनवर पोचलो. सामान उतरवलं. अनघाने सापळ्याच्या चौकटी पडवीत ठेवल्या आणि एक मोठी बंद पिशवी वॉशिंग मशीनशेजारच्या फळीवर ठेवली. काकूंनी देवाची छोटी तसबीर स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात मांडली, दिवा लावला आणि मुगाची खिचडी टाकली.

नदी

सकाळी नदीवर गेलो. पाणी चहाच्या रंगाचं होतं. जंगलातल्या पानांचा आणि सालींचा अर्क त्यात उतरतो. तरी तळाचे दगड स्पष्ट दिसत होते. पाणी थंड आणि वेगवान.

अनघाने पाण्यात लोंबणारं गवताचं एक पातं उचलून माझ्यापुढे धरलं. त्यावर काळपट बारीक काड्या चिकटल्या होत्या. त्या हलत होत्या.

"या अळ्या," ती म्हणाली. "तोंडातून रेशीम काढून पात्यावर ठिपका करतात, आणि मागच्या टोकाचे आकडे त्यात अडकवून उभ्या राहतात. डोक्यावर दोन पंखे असतात. पाणी त्यातून गाळायचं आणि जे अडकेल ते खायचं."

"पोहत नाहीत?"

"कशाला? पाणीच जेवण घेऊन येऊन राहिलं नं. म्हणूनच तर जोराचा प्रवाह पाहिजे. डबक्यात ठेवली तर मरते."

कोष पूर्ण झाला की माशी हवेच्या बुडबुड्यात बसून वर येते आणि पृष्ठभागावर बुडबुडा फुटताच कोरडीच उडते. नर फुलांच्या रसावर जगतो. मादीलाही रस पुरतो, पण अंड्यांसाठी बहुतेक जातींच्या मादीला रक्त लागतं. ती दिवसाउजेडी चावते, घराबाहेर चावते आणि तिला वारा चालत नाही.

साचलेल्या पाण्याने रोग होतो, हे आपण शाळेपासून ऐकतो. डबकी बुजवा, पिंपं झाका, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. या माशीला त्यातलं काही लागू पडत नाही. तिला खळाळतं, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. ज्या पाण्याची आपण तारीफ करतो, जे पाहायला सहली काढतो, ते. आफ्रिकेत लोक या माशीपायी नदीकाठची सुपीक जमीन सोडून आत, खडकाळ रानात राहायला गेले होते. घरं दूर, शेतं ओसाड आणि नदी भरभरून वाहती, असं चित्र अनेक खोऱ्यांत होतं.

सह्याद्रीतल्या ओढ्यांतही या माशीच्या जाती आहेत, असं अनघाने सांगितलं. त्यांच्यात हा कृमी नाही. मी बरीच वर्षं त्या ओढ्यांत पाय सोडून बसत आलो आहे आणि पात्यावरच्या या काड्या मला कधी दिसल्या नव्हत्या.

पलीकडे कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून एक माणूस ट्राउट मासे पकडत होता. तो शेजारचा रॉन, कागद गिरणीतून निवृत्त झालेला. अनघाने दोन खांबांना ताणलेलं सापळ्याचं निळ्या-काळ्या पट्ट्यांचं कापड त्याने बराच वेळ पाहिलं.

"डॉक, धुणं वाळत घालताय?" त्याने काकांना ओरडून विचारलं.

"माशा पकडतोय."

"सगळ्या नेऊ नका. माझे मासे त्याच खातात. आणि या माशा नसत्या तर शिकागोच्या लोकांनी हा सगळा काठ कधीच विकत घेतला असता."

कापडाला दोन्ही बाजूंनी चिकट लेप होता. खाली कॅनमध्ये यीस्ट, साखर आणि कोमट पाणी. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे माशीच्या लेखी इथे कुणीतरी श्वास घेतंय. उरला माणसाचा वास. त्यासाठी अनघाने विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी सलग काही दिवस घातलेल्या पॅन्ट्स आणि मोजे मागून घेतले होते, आणि हवा लागू नये म्हणून त्या पिशवीत बंद केले होते. ते कापडाच्या मागे टांगायचे होते.

तिने पिशवी उघडली. लॅव्हेंडरचा वास आला.

पॅन्ट्स घडी घातलेल्या होत्या. मोज्यांच्या जोड्या जुळवून एकमेकांत गुंडाळल्या होत्या. अनघाने एक मोजा नाकाशी धरला, पुन्हा धरला, आणि खाली दगडावर बसली.

"काका," ती म्हणाली, "काकूंनी धुतले."

केबिन

काकूंनी ते नाकारलं नाही. पिशवी मशीनशेजारी होती. आत पुरुषांच्या, बायकांच्या, सगळ्यांच्या पॅन्ट्स आणि मोजे कोंबलेले होते आणि त्यांना वास येत होता. पोरगी कामात असते, धुणं साठलंय, असं त्यांना वाटलं. शिवाय दुसरं कारण त्यांनी आपणहून सांगितलं.

"पारोसे कपडे घरात कसे ठेवायचे गं? देव मांडलेत."

"काकू, ते पारोसेच पाहिजे होते नं!"

"मला काय माहीत? दोनदा धुतले. पहिल्यांदा वास जाईना."

काका हसायला लागले आणि अनघाचा चेहरा पाहून थांबले. हवामानाच्या अंदाजाप्रमाणे आठवड्याअखेर उन्हाची लाट येणार होती. ऊन तापलं की या माशीचा हंगाम आटोपतो. ॲन आर्बरला जाऊन, लोकांना पुन्हा तेच कपडे घालायला लावून, परत येण्याएवढा वेळ नव्हता. हा हंगाम गेला तर पुढचा वर्षभराने.

"इथेच करू," काका म्हणाले. "माणसं आहेत, घाम आहे. माझी पॅन्ट आजपासून तुझी. मी लाकडं फोडतो."

"आंघोळ नाही करायची, काका. साबण नाही, पावडर नाही. रात्रंदिवस तेच कपडे."

"हॉस्टेलला तसाच होतो. ही साक्षीदार नाही, हिचं नशीब."

आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा नियम काकूंनी अमेरिकेतल्या हिवाळ्यांतही, प्रवासातही पाळलेला आहे. हॉस्पिटलमधून टाके घेऊन आल्या तेव्हाही काकांनी ओल्या टॉवेलने अंग पुसून दिल्याशिवाय त्यांनी चहा ठेवला नव्हता. त्या म्हणाल्या, "मीही घालते. माझ्या चुडीदारचा पायजमा चालेल का?"

"काकू, तुम्ही नका."

"चूक माझी आणि घाम यांचा? चालेल का ते सांग."

"चालेल."

असे अनघासकट तिघं पारोसे राहिले. मला अनघाने वगळलं, कारण सकाळीच गडद शर्टामुळे माशा मला डसल्या होत्या आणि मी चेहऱ्यावर, मानेवर, कपड्यांवर सगळीकडे स्प्रे मारून घेतला होता. ही माशी सुई टोचत नाही. ती कातडी कातरते आणि साचलेलं रक्त पिते. लगेच दुखत नाही. दुसऱ्या दिवशी माझा डावा डोळा सुजून पूर्ण मिटला.

काकांनी पापणी उघडून टॉर्चने पाहिलं. "आत काही नाही, नुसती सूज आहे. आयुष्यभर लोकांचे डोळे उघडले, आणि तू माझ्या घरी येऊन बंद करून घेतलास."

आता घरात आंघोळ केलेला माणूस मी एकटाच. त्यामुळे देवापुढे दिवा लावणं माझ्याकडे आलं आणि स्वयंपाकही. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसत आणि आतलं सगळं बाहेरून चालवत.

"पिठलं हलव. हलव! गाठी झाल्या बघ."

"काकू, इथून तुम्हाला दिसतंय?"

"आवाजावरून कळतं. मीठ किती घेतलंस? दाखव. हातावर घेऊन दाखव मला."

पिठल्यात गाठी झाल्याच. काका पॅन्टच्या खिशात हात घालून टेबलाशी आले, तर काकूंनी त्यांना दुसऱ्या टोकाला बसवलं. "वास येतोय."

"तुलाही येतोय."

"मला माझा येत नाही."

दुपारी दोघं रस्त्याने लांबवर चालून येत, घाम यावा म्हणून. डोक्यावर जाळ्या, अंगात मळके कपडे. एकदा रॉनने गाडी थांबवून काही अडचण आहे का विचारलं. काकूंनी त्याला इंग्रजीत नीट समजावलं की कपडे घाण करायचं काम चालू आहे. तो गाडी घेऊन गेला.

अनघा मात्र या दिवसांत फारशी हसली नाही. सकाळ-संध्याकाळ अंदाज पाहायची, नदीवर जाऊन पात्यांवरचे कोष पाहायची. रिकामे कोष वाढत होते, म्हणजे माशा बाहेर पडून जात होत्या. एका संध्याकाळी पडवीत ती म्हणाली की घानात असताना एक दिवस तीही खुर्चीवर बसली होती. "सगळ्यात कठीण काय माहीत आहे? हलायचं नाही. माशी येताना दिसते, कुठे बसणार तेही कळतं, आणि पाय तसाच ठेवायचा. शेजारी तिथले एक काका बसले होते. त्यांचा भाऊ या आजाराने आंधळा झालेला. ते रोज बसायचे."

"गोळी घेत होते ना?" मी विचारलं.

"हो. सगळे घेतात. तरी पाय उघडाच नं."

पुन्हा नदी

वारा पडलेला आणि ढगाळ असा दिवस मिळाला. काका, काकू आणि अनघा तिघांचे कपडे सापळ्यामागे टांगले गेले. तिथून बऱ्याच अंतरावर, त्याच काठाला, अनघा बुटक्या खुर्चीत बसली. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली, शेजारी काचेच्या नळ्या. काका तिला नळी देत आणि भरलेली घेत. काकू जाळी घालून दोन्हींच्या मधे उभ्या होत्या. आंघोळ करून आल्या होत्या; सुती साडी होती.

माशा आल्या. आधी एक-दोन, मग सतत. माशी लहान असते, पाठीला पोक असलेली, तांदळाच्या दाण्याहून लहान. पायावर बसली की थोडं चालते, जागा शोधते. अनघाचा हात तेवढ्या वेळात नळी घेऊन पोचत होता. काही वेळा पोचला नाही. त्या ठिकाणी रक्ताचा थेंब उभा राहत होता आणि ती तो पुसत नव्हती.

दुपारी सापळा उतरवला. बाजरीच्या भाकरीला तीळ लावावेत तसं कापड माशांनी भरलं होतं. पायावर मिळालेल्या माशांहून त्या कितीतरी जास्त होत्या, हे मोजायची गरज नव्हती.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "माझ्या पायजम्याला इतक्या?"

"तुझ्यावर पहिल्यापासूनच बसतात," काका म्हणाले.

अनघाने दोघांना मिठी मारली. त्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच मोकळं हसताना पाहिलं. काकूंनी संध्याकाळी शिरा करायचं ठरवलं आणि मला स्वयंपाकघरातून काढून टाकलं.

टेबल

शिऱ्याचा रवा भाजण्याचा वास येत होता तेव्हा अनघाने जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला. कापडावरच्या माशा लेपातून सोडवून ती एकेक पाहू लागली. थोड्या वेळाने तिने पहिल्या काही परत घेतल्या. मग नळीतल्या घेतल्या. मग पुन्हा कापडावरच्या.

"काका, तुम्ही बघता का? नखं बघा. पायाच्या टोकाची."

काकांनी चष्मा काढून डोळा लावला. मायक्रोस्कोपवर त्यांचे हात लगेच सवयीने फिरू लागले. "वाकडं नख आहे. बुडाशी दुसरा फाटा. मोठा दात असल्यासारखा."

"आता ही."

"ही साधी. नुसता आकडा."

साधं नख असलेली माशी माणसाला, गुरांना, हरणांना चावते. बुडाशी मोठा दात असलेली पक्ष्यांना चावते. पिसांना धरून आत शिरायला तो दात लागतो. पायावरून पकडलेल्या सगळ्या माशांची नखं साधी होती. कापडावरच्या बहुतेकांच्या नखांना दात होता. नदी पुढे ज्या तळ्यात जाते तिथे लून नावाचे मोठे पाणपक्षी घरटी करतात आणि काठाला बदकं आहेत. त्यांच्या माशा कॅनमधला श्वास हुंगून आल्या होत्या. माणसांच्या माशांना अनघाच्या पायाशी जास्त रस होता.

"पण पकडल्या तर खऱ्या ना?" काकू कढई घेऊन दारात उभ्या होत्या.

"काकू, यांच्यात कृमी सापडणारच नाही. या कृमीला माणूस लागतो आणि या माणसाला चावतच नाहीत. हे कापड तिथे लावलं तर प्रयोगशाळेतलं मशीन हजारो माशा तपासेल आणि सांगेल, कृमी संपला. मग गोळ्या बंद होतील. आणि तो संपलेला नसेल."

शिरा वाढला गेला, खाल्लाही गेला.

दुसऱ्या दिवशी तिने जागांची अदलाबदल केली. सापळा होता तिथे ती बसली, ती होती तिथे सापळा. कापड पुन्हा भरलं आणि मायक्रोस्कोपखाली पुन्हा तेच निघालं. त्यानंतर ऊन आलं. दोन दिवसांत नदीकाठ रिकामा झाला. रॉन जाळी न घालता मासे पकडत होता आणि आम्हाला पाहून त्याने हात केला.

सामान बांधताना काकूंनी विचारलं, "माझ्या धुण्याने झालं का गं हे?"

मला वाटलं अनघा नाही म्हणेल. तिने हातातली चौकट खाली ठेवली. "मला वाटत नाही, काकू. पण सांगता येत नाही. ते कपडे वेगळ्या माणसांचे होते, जास्त दिवस घातलेले. ते टांगलेच गेले नाहीत. त्यामुळे ते मला आता कळणार नाही."

काकूंनी मान हलवली. त्यांना उत्तर आवडलं नसावं, पण त्यांनी दुसरं मागितलं नाही. हातातला टॉवेल त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवला.

घानात दुपार झाली असेल असा हिशेब करून अनघाने पडवीतून अकोसुआला व्हिडिओ कॉल लावला. काका-काकू आणि मी आत होतो. दार उघडं होतं. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. अनघाने आधी आकडे सांगितले, मग नखांचं सांगितलं. अकोसुआच्या मागे कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं.

"म्हणजे सापळा पाठवत नाहीस," अकोसुआ म्हणाली.

"पाठवला तर तुला खोटं उत्तर मिळेल."

"मी लोकांना सांगितलंय."

"माहीत आहे. मी बोलू का त्यांच्याशी?"

"तू काय बोलणार? तू फोनमध्ये आहेस." ती रागावलेली वाटली नाही. "त्यांना असं नुसतं सांगता येत नाही. खुर्च्या लावते, पहिल्या दिवशी पहिल्या खुर्चीवर मी बसते. मग सांगते."

"दुसरी माझ्यासाठी ठेव," अनघा म्हणाली. "हंगाम सुरू होताना येते."

अकोसुआ हसली. स्क्रीनवर अनघाचे पाय दिसत असावेत. ती ते अजून खाजवत होती आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लाल फोड होते.

"तिथल्या माशा पुरल्या नाहीत का तुला?"

"त्या तपासायला चालत नाहीत," अनघा म्हणाली.